लग्नाशिवायचा रंग

नांदेडात घराला रंग द्यायची दोनच कारणं लोकांना पटतात. एक तर घरात लग्न ठरलेलं असतं, नाही तर ते ठरावं म्हणून पाहुणे यायचे असतात. त्यामुळे ज्या घरातली लेकरं कधीच वाकड-हिंजवडीला जाऊन स्थिरावलीत आणि मागे सत्तरी ओलांडलेले काका-काकूच उरलेत, त्या घरापुढं एक दिवस पुट्टीची पोती उतरली की गल्ली अस्वस्थ होते. "का ओ काका, रंग द्यायलाव जणू?" दूधवाल्यापासून सुरुवात होते. काका म्हणतात, "हो, लई दिवस झाले." कुणाचाही विश्वास बसत नाही. लई दिवस तर मागच्या वर्षीही झालेच होते.

घर विकायचंय, हे मात्र काका सांगणार नाहीत. आमच्याकडं 'विकायला काढलं म्हणे'च्या मागोमाग 'अडचण असंल' हे येतंच. मग अडचण कोणती, हे लोक परस्पर ठरवून टाकतात. पोराची नोकरी जाते, काकांची बायपास होते, आणि भाव त्या हिशेबानं मागितला जातो. म्हणून सगळी तयारी गुपचूप. गंमत अशी की जुन्या वस्तीतलं घर घेणारा पुष्कळदा शेजारीच निघतो. त्याच्या धाकट्याला वेगळी खोली हवी असते, मधली भिंत पाडायचं त्याच्या मनात वर्षानुवर्षं असतं. ज्याच्यापासून लपवायचं तोच खरा गिऱ्हाईक. पण हे काकांना पटवून देणं माझ्या आवाक्यातलं नाही.

गुपचूप करायचं म्हणजे सावकाश करायचं, आणि ही सावकाशी मात्र अगदी बरोबर आहे. आमची जमीन काळी. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसात फुगते, आणि वरवरचा पाया घातलेलं घर तिच्याबरोबर हलतं. मे महिन्यात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली भेग दिवाळीपर्यंत मिटल्यासारखी दिसते. दिवाळीला पुट्टी भरून रंग दिला आणि अक्षय तृतीयेला गिऱ्हाईक आलं, की भेग त्याच्या स्वागताला हजर. गच्चीचं उलट. उन्हाळ्यात ती मोठी सोज्वळ असते, तिचे गुण श्रावणात कळतात. म्हणून विकण्याआधी दुरुस्त केलेल्या घरावरून एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाऊ द्यावा. मिस्त्री 'दोन दिवसांचं काम' म्हणतो. ते टिकलं की नाही, हे कळायला वर्ष लागतं.

लातूरला तर गिऱ्हाईक भिंतीवर टिचकी मारूनच आत येतं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला धरणी हलली आणि दगडमातीच्या जाड भिंती अन् वरचं माळवद यांच्याखाली हजारो माणसं गेली. तेव्हापासून "कॉलम घेतलेत का?" हा प्रश्न हॉल केवढा, याच्या आधी येतो. दुसरा प्रश्न पाण्याचा. 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन रेल्वे लातुरात आली. त्या उन्हाळ्यात टँकरमागे घागरी घेऊन धावलेली माणसं आज घरं बघत फिरतात. त्यांना इटालियन मार्बल दाखवून उपयोग नाही, हौद दाखवावा. बोअर किती फूट, मोटार एका दमात किती वेळ चालते, हे विचारण्याआधी सांगावं. लातूरच्या आमच्या मामी गिऱ्हाईक दारात आलं की चहाच्या आधी मोटारीचं बटण दाबायच्या. मामांचं म्हणणं, "अगं, सप्टेंबरात कुणाचीबी मोटार चालतीय. मे महिन्यात बोलव त्यांना." मामींनी खरंच मे महिन्यात बोलावलं.

अमेरिकेत घर विकायला काढलं की भिंतींवरचे घरच्यांचे फोटो उतरवून ठेवतात. येणाऱ्याला तिथं स्वतःचा संसार दिसला पाहिजे, असं तिथले जाणकार सांगतात. पुण्यातल्या भाच्यानं हा सल्ला मामींना फोनवर मोठ्या अधिकारवाणीनं दिला. लातूरला हा सल्ला निव्वळ नुकसानीचा. मामांच्या वरच्या खोलीत, पलंगाच्या उशाशी, भिंतीवर पेन्सिलीनं भिंगाचं सूत्र लिहिलेलं होतं. त्याखाली मेंडेलच्या वाटाण्यांचं 9:3:3:1. आणि त्याखाली, दोनदा अधोरेखित, 'एनसीईआरटी 4 वेळा'. सारं घर रंगवून झालं, रंगारी रोलर घेऊन त्या भिंतीशी गेला, तेव्हा मामी आडव्या आल्या. तेवढा चौकोन सोडायचा. ह्या खोलीत अभ्यास करून आमची मामेबहीण एमबीबीएसला लागली होती, आणि ज्या शहरात नीटच्या मार्कांवर दुकानांचे बोर्ड रंगतात तिथं तो चौकोन रंगापेक्षा महाग होता.

मे महिन्यात आलेलं कुटुंब औशाकडचं, बरोबर दहावी झालेली मुलगी. त्यांनी हॉल पाहिला, स्वयंपाकघर पाहिलं, दिशा विचारली. दक्षिणमुखी म्हटल्यावर बापाचा चेहरा उतरला. मामी काही न बोलता सगळ्यांना वर घेऊन गेल्या. बाप चष्मा लावून भिंत वाचत उभा राहिला. मुलगी मात्र 'चार वेळा' वाचून थोडी खचलेली दिसली. खाली आल्यावर दक्षिणेचा विषय कुणी काढला नाही. "लाभाचं घर हाय," एवढंच बोलून त्यांनी चहा घेतला. शाहू कॉलेज, दयानंद कॉलेज, ट्यूशन एरिया कितीही जवळ असो, लाभाच्या घराला त्याहून वरचा भाव असतो, आणि कुठल्याच सरकारी दरतक्त्यात तो छापलेला नसतो.

भिंतींचं असं वर्षभरात भागतं. कागदांचं भागत नाही. नांदेडला होळी, गाडीपुरा भागातल्या जुन्या घरांची पत्र्याची पेटी उघडली की वर लेकरांची प्रगतिपुस्तकं, मध्ये लग्नपत्रिका आणि तळाशी उर्दू. निजामाच्या राज्यात कारभारच उर्दूत चालायचा, त्यामुळे आजोबांनी घर घेतलं तेही उर्दूत. आता ते वाचणारा शोधा, मग भाषांतर करून घ्या. पुढच्या पिढीनं गावाबाहेर शेताचे तुकडे पाडलेले प्लॉट बाँडपेपरवर घेतले. त्यांच्यासाठी 2001 चा गुंठेवारीचा कायदा आला. 2021 च्या दुरुस्तीनं 31 डिसेंबर 2020 पर्यंतचे प्लॉटही त्यात बसले. 'करू की निवांत' म्हणणारे अजून निवांतच आहेत. 2008 च्या शिखांच्या गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दीआधी नांदेडचे रस्ते रुंद झाले, तेव्हा ज्यांचा ओटा गेला त्यांच्या जुन्या खरेदीखतात तो ओटा अजून शाबूत आहे. मोजणी झाली की हे निघतंच.

नावांचा घोळ तर घरोघरी. घरपट्टी वडिलांच्या नावावर, नळपट्टी आधीच्या मालकाच्या नावावर, लाइटबिल आजोबांच्या. आजोबा जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण बिल वेळेवर भरणारे ग्राहक म्हणून त्यांचा लौकिक कायम आहे. आणि आत्या. देगलूरला दिलेली आत्या भावांना एरवी राखीलाच आठवते, घराला गिऱ्हाईक आलं की वकील तिची आठवण करून देतो. 2005 मध्ये वारसा कायदा बदलला, लेकींना वडिलोपार्जित इस्टेटीत जन्मतःच हक्क मिळाला, म्हणून भाऊ कुरकुरतात. पण मृत्युपत्र न करता बाप गेला, तर त्यानं स्वतः कमावलेल्या घरात लेकीचा लेकाइतकाच वाटा 1956 च्या कायद्यापासूनच आहे. इसार घेऊन खर्च केल्यावर आत्याला फोन लावणाऱ्या भावांबद्दल मला काडीची सहानुभूती नाही. आधी जाऊन विचारावं. ती वाटा मागेल किंवा सोडेल. जे करायचं ते तिला आपखुशीनं ठरवू द्यावं.

शेवटी आयकर. 1 एप्रिल 2001 च्या आधी घेतलेल्या घराला त्या दिवशीची किंमत धरून नफा काढता येतो, त्यासाठी मूल्यांकन करून घ्यावं लागतं. त्यानंतर वर खोली चढवली असेल तर तो खर्चही धरता येतो, फक्त पुरावा हवा. आमच्याकडचा पुरावा कालनिर्णयच्या पानामागे असतो: 'सिमेंट 40, वाळू 2 ब्रास, मिस्त्री उचल 5,000', आणि तो महिना संपल्यावर ते पान पोळ्यांखाली गेलेलं असतं.

तेव्हा विकायचं मनात असो-नसो, आई-वडील बोलते आहेत तोवर पत्र्याची पेटी माळ्यावरून खाली काढा आणि कुठला कागद कशाचा, ते त्यांच्या तोंडून ऐकून त्याच्या पाठीवर लिहून ठेवा. लाइटबिलावरचं नाव बदलायचा अर्ज ह्याच आठवड्यात देऊन टाका.