दोन खणांची पेटी

नवी मुंबईतील संगीतरसिक गृहस्थ निवृत्तीच्या अलीकडे-पलीकडे केव्हातरी आपल्या सीडी, कॅसेटी आणि चार संगणकांवर विखुरलेल्या फायली एका जागी आणण्याचा संकल्प सोडतो, आणि त्या संकल्पापायी ज्या यंत्राचा शोध सुरू होतो त्याला नेटवर्क स्टोरेज, किंवा तज्ज्ञांच्या व तज्ज्ञांच्या जावयांच्या तोंडी ‘नॅस’, असे म्हणतात. हे यंत्र म्हणजे घरातील वायफायच्या राउटरला तारेने जोडलेली, पोटात एक, दोन किंवा चार हार्ड डिस्क घेऊन चोवीस तास जागी राहणारी पेटी असून, घरातील कोणत्याही स्पीकरला, फोनला वा संगणकाला मागेल ते गाणे पुरवणे हे तिचे कार्य होय. ते गाणे ऐकणे हे गृहस्थाचे कार्य असते, परंतु पेटीची निवड चालू असेपर्यंत ते बहुधा स्थगित राहते.

ठाणे-बेलापूर रस्त्यालगत ऐरोली, रबाळे, महापे या औद्योगिक पट्ट्यात, दुसऱ्यांचा डेटा भाड्याने सांभाळणारी अवाढव्य केंद्रे उभी असताना नेरूळच्या गृहस्थाने शू-रॅकवर स्वतःचे केंद्र का थाटावे, असा प्रश्न घरातूनच विचारला जातो. त्याचे उत्तर मात्र भक्कम आहे. ऑनलाइन सेवेवरील ध्वनिमुद्रण करार संपताच एका रात्रीत नाहीसे होऊ शकते, आणि दादरच्या एखाद्या घरगुती बैठकीत कुणीतरी मांडीवर टेपरेकॉर्डर ठेवून टिपलेला जौनपुरी तर तिथे कधी नव्हताच.

निवडीतील पहिला प्रश्न क्षमतेचा. सीडीवरील ध्वनी दोन्ही चॅनेलांवर सेकंदाला 44,100 वेळा, दर वेळी 16 बिटांनी मोजलेला असल्यामुळे तासाभराच्या गाण्याला सुमारे 635 मेगाबाइट लागतात. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्लॅक या पद्धतीने, जी सुराचा कणही न गाळता फाइल आवळते, हा आकडा साधारण निम्म्यापर्यंत उतरतो. याचा अर्थ असा की एक हजार सीडींचा संग्रह, जो भिंतभर कपाट व्यापतो आणि ज्यावरून संसारात कैक वर्षे बोलणी खावी लागलेली असतात, तो साडेतीनशे-चारशे गिगाबाइटांत, म्हणजे खिशात मावणाऱ्या एक टेराबाइटच्या डिस्कच्या अर्ध्याहून कमी जागेत, आरामात बसतो. हा हिशेब स्वतःच्या हाताने मांडून, दोनदा तपासून झाल्यावर गृहस्थ सोळा टेराबाइटच्या पेट्या पाहू लागतो.

या वर्तनाचे समर्थन कॅसेटींच्या आधारे केले जाते. साधी कॅसेट पंधरा-सोळा हजार हर्ट्झच्या वर फारसे काही धरून ठेवत नाही, आणि साठीतले कान तर तेथवरही पोहोचत नाहीत. असे असूनही तिचे डिजिटल रूपांतर सेकंदाला 96,000 वेळा, 24 बिटांनी मोजूनच करायचे असते, ज्यामुळे नव्वद मिनिटांच्या एकेका कॅसेटीला न आवळता सुमारे तीन गिगाबाइट लागतात आणि बाजू पलटताना निसटलेली सम, मागच्या रांगेतला खोकला व पानाच्या डब्याचे झाकण ही सर्व सामग्री सर्वोच्च दर्जात पुढील पिढ्यांसाठी जतन होते.

दुसरा प्रश्न सुरक्षिततेचा, आणि गोंधळ खरा येथेच आहे. दोन खणांच्या पेटीत ‘रेड 1’ नावाची रचना करता येते, जिच्यात एका डिस्कवर लिहिलेला प्रत्येक शब्द त्याच क्षणी दुसरीवरही लिहिला जातो आणि एक डिस्क निकामी झाली तरी गाणे चालू राहते. चार टेराबाइटच्या दोन डिस्क घेऊन हाती चारच टेराबाइट येतात, त्यातही संगणक 3.6 दाखवतो, कारण डिस्क बनवणारा हजाराच्या पटीत मोजतो आणि संगणक 1,024 च्या. दुकानदाराने काटा मारला हा गृहस्थाचा संशय सर्वस्वी निराधार असला तरी तो फिटायला आठवडा जातो. अधिक गंभीर बाब अशी की रेड म्हणजे बॅकअप नव्हे. नातवाने चुकून पुसलेला मारवा दोन्ही डिस्कवरून सारख्याच तत्परतेने पुसला जातो, आणि पाणी शिरले, वीज कडाडली वा चोर आला तर दोन्ही डिस्क एकत्रच सद्गती पावतात.

तिसरा प्रश्न ध्वनीचा असून शास्त्रीय ग्रंथांनी त्याची उपेक्षा केलेली दिसते. मिनिटाला 7,200 फेरे घेणारी डिस्क सेकंदाला 120 फेरे घेते, आणि 120 हर्ट्झ हा सूर हार्मोनियमच्या खर्जातील काळी पाच व पांढरी सात यांच्या जवळजवळ बरोबर मध्ये पडतो. हळू फिरणारी, 5,400 फेऱ्यांची डिस्क घ्यावी तर तिचे 90 हर्ट्झ पांढरी चार आणि काळी तीन यांच्या मधोमध येतात. बाजारातील दोन्ही प्रमुख वेग कोणत्याही पट्टीला न जुळणारे निघावेत हा योगायोग मानणे कठीण आहे. अशी पेटी तंबोऱ्याच्या खोलीत ठेवणे अर्थातच शक्य नसते; बंद कपाटात ती तापते, माळ्यावर धूळ असते, खिडकीपाशी खाडीवरची दमट हवा असते. न फिरता निमूट बसणाऱ्या एसएसडी डिस्कची किंमत ऐकून निमूट होण्याची पाळी गृहस्थावर येते, आणि अखेरीस पेटी राउटरशेजारी पॅसेजमध्ये स्थिरावते.

यानंतर नावे घालण्याचे काम सुरू होते, आणि नोड, सेक्टर, प्लॉट अशा शिस्तीत आयुष्य काढलेल्या नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या नागरिकाला ते प्रथमदर्शनी सोपे वाटते. परंतु ही प्रणाली गायक, अल्बम, संगीतकार व प्रकार एवढेच रकाने जाणते; रागाला रकाना नाही, तालाला नाही, तबलजीला तर मुळीच नाही. राग ‘अल्बम’मध्ये घातला तर वीस गायकांचा यमन एक होतो, ‘प्रकारा’त घातला तर नाट्यसंगीत बेघर होते. अक्षरवारी लावताच निम्मा संग्रह ‘प’ खाली गोळा होतो, कारण निम्मे गायक पंडित असतात. किशोरी आमोणकर एकदा ‘क’ खाली, एकदा ‘ग’ खाली गानसरस्वती म्हणून आणि एकदा ‘व’ खाली विदुषी म्हणून सापडतात. या कामाला मुदत नाही, आणि ते करणाऱ्याला ती नकोही असते.

बॅकअपविषयीचा सर्वमान्य नियम तीन प्रतींचा आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतली एक घराबाहेर. घराबाहेरच्या प्रतीचे सर्वांत टोकाचे उदाहरण मराठी रसिकाच्या अभिमानाचे आहे, कारण गोव्यातील केरीच्या केसरबाई केरकर यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी 1977 मध्ये व्हॉयेजर यानांवरील सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर बसवून सूर्यमालेबाहेर धाडण्यात आली. ती परत मिळवण्याची व्यवस्था मात्र नाही, आणि नियमाची दुसरी, नेहमी विसरली जाणारी बाजू हीच आहे की प्रत उघडून, वाजवून पाहता आली पाहिजे.

कॅसेटींच्या काळात हा नियम कुणाला ठाऊक नव्हता, तरी पाळला जात होता. ‘कुणाला देणार नाही’ या शपथेवर मिळालेली बैठक दुसऱ्या दिवशी डबल-डेक टेपरेकॉर्डरवर उतरवून, त्याच शपथेवर, तिसऱ्याला दिली जाई. मूळ फितीला बुरशी लागली तरी सांगली, बेळगाव वा इंदूरच्या एखाद्या घरातून, जरा खरखरीत का होईना, तीच बैठक पुन्हा हाती येई. आजची निर्दोष पेटी बाळगणारा गृहस्थ शपथेला जागतो, आणि म्हणून त्याच्या संग्रहाचे भवितव्य नेरूळच्या एका पॅसेजवर अवलंबून असते.

या सर्वांचा विचार करता दोन खणांची, साध्या बनावटीची, चार टेराबाइटच्या दोन डिस्क घेतलेली पेटी, वीज गेल्यावर तिला शांतपणे बंद होऊ देणारा छोटा यूपीएस, आणि एक सुटी डिस्क सासुरवाडीला, शक्यतो पुण्यात, एवढे, मूळ सीडी-कॅसेटी टाकून दिल्या नाहीत तर, पुरेसे ठरते. गणपतीत आणि दिवाळीत तिथे जाऊन, त्या डिस्कवर नव्या फायली भरून, दोन-चार राग वाजवून पाहावयाचे असतात. इतकी वर्षे बोलावूनही न येणारा जावई एकाएकी सणवार पाळू लागल्याचा जो अर्थ सासूबाई लावतात, तो दुरुस्त न केलेला बरा.