भांडायचं राहूनच गेलं

चांगल्या सेवेची आपल्याला सवय नाही. ती अचानक समोर आली की माणूस भांबावतो. तक्रारीचं तसं नाही, तक्रारीचं आपल्याकडे शास्त्र आहे. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली ग्राहक पंचायत काढली ती पुण्यातच. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला, २०१९ साली त्याच्या जागी नवा आला. मी दोन्ही वाचलेत. लॅपटॉपसोबत आलेली पुस्तिका तेवढी वाचायची आहे.

तर ऐन मार्चअखेरीस, सोसायटीचे सगळे हिशेब पोटात घेऊन लॅपटॉपने मान टाकली, तेव्हा मी खचलो नाही. आधी बिल शोधलं, मग वॉरंटीचा कागद, मग चष्मा, मग एक कोरी वही. कोणाशी किती वाजता बोललो याची नोंद पुढे आयोगापुढे उपयोगी पडते. ‘मी ग्राहक आयोगात जाईन’ हे वाक्य दोन-तीन पट्ट्यांत म्हणूनही पाहिलं.

“अहो, आधी फोन तर लावा,” बायको म्हणाली.

माझ्या या तयारीमागे इतिहास आहे. आमचा पहिला कॉम्प्युटर लॅमिंग्टन रोडवर असेंबल केलेला. जोडून देणारा गृहस्थ फोनवर कायम ‘मीटिंगमध्ये’ असायचा आणि मागून वडे तळल्याचा आवाज यायचा. आलाच कधी, तर आजार कोणताही असो, निदान ठरलेलं: “काका, फॉरमॅट मारावा लागेल.” पंखा घरघरतोय? फॉरमॅट. प्रिंटर कागद गिळतोय? फॉरमॅट. घरात शिरल्यावर त्याने एकदा दाराची कडी लागत नाही हे ऐकलं, तेव्हा तो काय सुचवतो या भीतीने मीच विषय बदलला.

या वेळी मात्र कंपनीला फोन लावला. आता बराच वेळ सनई ऐकायची म्हणून स्पीकर चालू करून खुर्चीत टेकतो, तोच पलीकडून आवाज आला, “नमस्कार सर, बोला.” वहीचं टोपणसुद्धा उघडलं नव्हतं, म्हणजे पेनाचं.

तिने सिरीयल नंबर विचारला. लॅपटॉप उलटा करून मी सांगू लागलो, “के फॉर कराड, एस फॉर सांगोला, पी फॉर...” मी क्षणभर अडलो. “परभणी?” ती म्हणाली. तिथेच माझा निम्मा राग उतरला. परभणी सुचवणाऱ्या मुलीला आयोगात कसं खेचणार?

“चार्जर काढा, पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरा. मी सांगेपर्यंत सोडू नका.” आत कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, ती उतरली की पुष्कळदा मशिन ताळ्यावर येतं, हे तिने बटण दाबलेल्या अवस्थेतच समजावलं. मग दिवा लागला, पडदा काळाच राहिला आणि आतून टूं टूं सुरू झालं. “फोन लॅपटॉपजवळ धरा.” डॉक्टर छातीला नळी लावतात तशी ती शांतपणे ऐकत राहिली आणि म्हणाली, “मेमरीचा प्रॉब्लेम दिसतोय.”

बायकोने माझ्याकडे पाहिलं.

“हिशेब?” मी विचारलं. “ते एसएसडीवर असतात सर, सुरक्षित आहेत. रॅमचं काय, वीज गेली की ती सगळं विसरते. उद्या इंजिनिअर घरी येईल.”

‘उद्या’ हा शब्द मी अनेक कार्यालयांत ऐकलाय. पण हा खरोखर दुसऱ्या दिवशी आला, सांगितलेल्या वेळी, बूट दाराबाहेर काढून. कोऱ्या कागदावर लॅपटॉपचा चौकोन काढला आणि जो स्क्रू जिथला, तो कागदावर तिथेच ठेवत गेला. पट्टीएवढी रॅम बाहेर काढली, खिशातून शाळकरी पोरांचा खोडरबर काढला आणि तिचे सोनेरी दात हलक्या हाताने घासले. पट्टी खटकन बसवली. लॅपटॉप उजळला. सगळे स्क्रू परत गेले, एकही उरला नाही. लॅमिंग्टन रोडवाल्याच्या हातून नेहमी दोन-तीन उरायचे आणि तो ते “एक्स्ट्रा आहेत” म्हणून मलाच द्यायचा.

चहाला तो नको म्हणाला. बायकोच्या आग्रहाखातर अर्धा कप घेतला आणि चाचरत म्हणाला, “सर, कंपनीचा फोन येईल. दहापैकी किती म्हणून विचारतील.”

“आठ देतो की!” मी उदारपणे म्हणालो.

त्याचा चेहरा पडला. फ्रेड रायकहेल्ड नावाच्या अमेरिकन सल्लागाराने २००३ साली ही पद्धत मांडली. तीत नऊ-दहा देणारा तो चाहता, सात-आठवाला ना घरचा ना घाटचा, आणि सहा किंवा खाली देणारा सरळ विरोधक. आमच्या वेळी साठ टक्क्यांना फर्स्ट क्लास होता हो! पंच्याहत्तरला डिस्टिंक्शन, पेढे, नातेवाइकांना पत्रं. म्हणजे ज्या मार्कांवर मला बँकेत नोकरी लागली, त्यात हा पोरगा नापास? आणि दहा कोण देतं? आमच्या मराठीच्या मास्तरांनी उभ्या हयातीत निबंधाला दहापैकी साडेसहाच्या वर कुणाला दिले नाहीत, आणि ते साडेसहावाले आज प्राध्यापक आहेत.

संध्याकाळी फोन आला. बायको समोर दोन्ही पंजे पसरून उभी. मी घसा खाकरून म्हणालो, “नऊ.”

“धन्यवाद सर. एक गुण कुठे कमी पडला, सांगाल का?”

“चहा अर्धाच घेतला,” मी म्हणालो.