गार पाण्याची भीती

पनवेलच्या घरांत गार पाण्याची भीती फार. उन्हातून आलेल्या पोराने फ्रिज उघडला की स्वयंपाकघरातून हाक येतेच, "आधी टेक जरा. गुळाचा खडा खा, मग माठातलं घे. बाटलीला हात लावशील तर बघ!" तेच पोर दुपारी मित्राच्या स्कूटरवर तिसरा बसून गाढेश्वर धरणावर निघालं, की त्याच स्वयंपाकघरातून विचारणा होते, "टॉवेल घेतलास का रे?"

घशाची एवढी काळजी आणि धरणाची मुळीच नाही, हा हिशेब काही मला उलगडत नाही. गार पाण्याचा पहिला तांब्या अंगावर पडला की श्वास आपोआप आत ओढला जातो. न्हाणीघरात त्याने काही बिघडत नाही. कठड्यावरून उडी मारणाऱ्याचं तोंड मात्र त्या क्षणी पाण्याखाली असतं. वर कोमट, खाली गार आणि तळाशी गाळ, असं ते पाणी. आणि आमचे वीर पोहायला शिकलेले असतात फरशी दिसणाऱ्या तरणतलावात.

त्यात आता पावसाने पंचांग पाहणं सोडलंय. 2025 साली मोसमी पाऊस 26 मे रोजीच मुंबईत हजर झाला. त्याची नेहमीची तारीख 11 जून. त्याआधी अवकाळीने गच्चीवरच्या कुरडयांची पुन्हा खीर केली, ती वेगळीच. गाढेश्वर धरण, पांडवकडा धबधबा इथे जायला पावसाळ्यात मनाई असते. पण पाऊस काही हुकूम वाचून येत नाही.

गाढी नदी उगम पावते माथेरानच्या डोंगरात. तिकडे वळीव कोसळत असतो तेव्हा इकडे पनवेलात लख्ख ऊन असू शकतं. पात्रातल्या खडकावर वडापाव खात बसलेल्या मंडळींना वरच्या पावसाची बातमी मग नदीच आणून देते. पाणी गढूळ झालं, काटक्या-पाचोळा वाहत येऊ लागला, की उठावं. सेल्फी राहिली तर राहिली.

विजेचं गणित सोपं आहे. चमक दिसल्यापासून 30 सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर वीज साधारण दहा किलोमीटरच्या आत आहे. पाण्यातून बाहेर पडून पक्कं छप्पर गाठावं. झाडाखाली थांबू नये, आणि होर्डिंगखाली तर नाहीच. 13 मे 2024 च्या वादळात घाटकोपरला होर्डिंग कोसळून 17 माणसं गेली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप जवळपास पडणाऱ्या विजेची सूचना देतं. दिवसभर शुभ सकाळ झेलणाऱ्या मोबाइलमध्ये तेवढी जागा नक्की निघेल.

आणि कुणी बुडताना दिसलं, तर शौर्य आवरा. मागोमाग उडी घेऊ नका. दोरी, ओढणी, रिकामा कॅन, हाताला लागेल ते त्याच्याकडे टाका, आरडाओरडा करून माणसं जमवा आणि 112 ला फोन लावा.