आठ-सतराचे गृहस्थ

डोंबिवलीत माणूस आडनावापेक्षा गाडीवरून लवकर ओळखता येतो. आठ-सतराचे गृहस्थ दर सोसायटीत एक तरी असतातच. मध्ये वेळापत्रक बदललं आणि गाडी आता आठ-वीसला येते, पण हे आठ-सतराचेच राहिले. १९९६ साली व्हीटीचं सीएसटी झालं, २०१७ मध्ये त्यात आणखी एक ‘एम’ आला. यांच्या तोंडी मात्र अजून व्हीटीच.

त्यांचं सकाळचं आवरणं पाहून कुणालाही वाटेल, हा माणूस ऑफिससाठी तयार होतोय. साफ चूक. ते कपडे चढवतात गाडीसाठी. इस्त्रीवाल्याकडून आलेल्या गठ्ठ्यात त्यांचा हात पांढऱ्या शर्टावर कधी थांबत नाही. ठाण्याला जो लोंढा आत घुसतो, त्यातला कुणीतरी खोबरेल चोपडलेलं डोकं यांच्या खांद्याला टेकून उभ्याउभ्या झोप काढणार, हे ठरलेलं. म्हणून चौकडीचा शर्ट. चौकडीत डाग जिरतो. वरच्या खिशात पेनसुद्धा नाही. पास, पाकीट, चष्म्याचं घर, सगळं सॅकमध्ये आणि सॅक पोटावर. त्यात पोट कुठे संपतं आणि सॅक कुठे सुरू होते, हे गर्दीत कुणी विचारत नाही. घड्याळाला चामडी पट्टा, कारण धातूच्या पट्ट्यात शेजाऱ्याच्या हातावरचे केस अडकले की दादरपर्यंत भांडण पुरतं. बूट बिननाडीचे. सुटलेल्या नाडीवर मागच्याने पाय दिला तर बूट कुर्ल्यात आणि मालक भायखळ्यात, असं व्हायचं.

पावसाळ्याचं खातं वेगळं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा हे ओल्या कपड्यांत ऑफिसच्या टेबलावर झोपले होते. त्यानंतर खालच्या ड्रॉवरमध्ये एक कोरडा जोड कायमचा मुक्कामाला आहे. त्यातली पँट आता कमरेला मिटत नाही, पण बदलून ठेवायला हे तयार नाहीत. पुन्हा तसाच पाऊस झाला तर निदान कोरडी असेल, असं म्हणतात.

आवरून झालं की उंबरठ्यावरचा कार्यक्रम. गॅसचा नॉब बंद आहे ना, गीझर बंद आहे ना, मग दार ओढून कडी नीट बसली का ते दोनदा हलवून बघणं.

“अहो, मी घरात आहे!” आतून आवाज येतो.

“अगं हो, पण दार लागलंय का बघतोय.”

“लागलंय. आणि डबा ओट्यावरच राहिलाय.”

डबा आत जाऊन घ्यावा लागतो. म्हणजे दार उघडणं आलं, आणि पुन्हा कडी हलवून बघणं आलं.

खरं तर त्यांचं हे शाही आवरणं त्या डब्यावर उभं आहे. पोळ्या करून, डबे भरून ज्या बायका स्वतःही लोकल पकडतात, त्यांच्या वाट्याला आरसा येतो तो गाडीतच. लेडीज डब्यात मुलुंड येईतो केसांना क्लिप, विक्रोळी येईतो टिकली, आणि रूळ बदलताना गाडीने हिसका दिला तरी काजळाची रेघ जागची हलत नाही. आठ-सतराच्या गृहस्थांना हे सात जन्मांत जमायचं नाही.

त्यांचं दुसरं आवरणं होतं व्हीटीला उतरल्यावर. अठ्ठेचाळीस किलोमीटर पिळून निघालेला माणूस फलाटाच्या टोकाला गर्दी ओसरेपर्यंत थांबतो. सॅक खाली ठेवतो, शर्ट खोचतो, पट्टा एक भोक आत घेतो, बंद स्टॉलच्या काचेत बघून भांग पाडतो. मागच्या खिशातला रुमाल बाटलीतल्या पाण्याने ओला करून आधी चेहरा पुसतो, मग खांदा. खांदा जरा जास्त वेळ. ऑफिसातल्यांना जो टापटिपीचा माणूस ठाऊक आहे, तो इथे तयार होतो. डोंबिवलीत त्याला कुणी पाहिलेलं नाही.

“एसी लोकलने जा की, इस्त्री तरी टिकेल,” असं मुलाने सुचवून पाहिलं. “आणि आमच्या ग्रुपचं काय?” एवढंच उत्तर मिळालं. ग्रुपमधल्या अर्ध्या लोकांची आडनावं त्यांना माहीत नाहीत, पण कुणाच्या मुलीचं लग्न कुठे अडलंय ते पक्कं माहीत आहे.

तुम्ही आमच्याकडे नव्याने राहायला आला असाल तर एक विनंती. सकाळी आठच्या सुमारास जिन्यात त्यांना गाठून सोसायटीच्या पाण्याचं काही विचारू नका; “संध्याकाळी बोलू” एवढंच ऐकू येईल, तेही खालच्या मजल्यावरून. रविवारी या. रविवारी ते दुपारपर्यंत बनियनवर असतात आणि दाराची कडी उघडीच असते.