गव्हाचा बोकड

आमच्या घराण्यात बोकड कोणी खाल्ला नाही. मी तो प्यायलो. म्युनिकमध्ये, भाच्याच्या पैशाने.

मारिएनप्लाट्झपासून चार पावलांवर टाल नावाचा रस्ता आहे. तिथल्या श्नायडरच्या बिअरहॉलमध्ये नेऊन भाच्याने 'आव्हेन्टिनुस' मागवली. जात वाइत्सेनबॉक. वाइत्सेन म्हणजे गहू आणि बॉक म्हणजे चक्क बोकड! मुळात आइनबेक या गावाचं नाव बव्हेरियन जिभेवर घासून घासून त्याचा बॉक झाला म्हणतात. गव्हाच्या बिअरला हे लोक 'वाइस' म्हणजे पांढरी म्हणतात. समोर आली ती चिंचगुळाच्या आमटीच्या रंगाची. सोनूबाई आणि कथलाचा वाळा यांची भेट मला परदेशात व्हायची होती.

ओतण्याचा सोहळा मात्र बघण्यासारखा. झालरीचा झगा घातलेल्या बाईंनी हातभर उंच ग्लास तिरका धरला आणि कडेकडेने धार सोडली, आपण तापल्या तव्यावर तेल सोडतो तशी. बाटलीत दोन बोटं उरल्यावर थांबल्या. बाटली गोल गोल फिरवली, तळाचा गाळ जागा केला आणि तोही ग्लासात! 'वापरण्यापूर्वी बाटली हलवा' ही सूचना मी आजवर फक्त खोकल्याच्या औषधावर वाचली होती. वर चार बोटं फेस. मी घाईने तोंड लावलं आणि मिशा पांढऱ्या केल्या.

"मामा, थांब. आधी ग्लास टेकवायचा, तोही बुडाकडून. काठ पातळ असतो." टेकवला. "आता वास घे. काय येतंय?"

डोळे मिटले. "सत्यनारायणाचा शिरा."

भाच्याने इकडेतिकडे पाहिलं. वास्तविक तिथे मराठी कळणारं कोणी नव्हतं. "अरे, याला पिकलं केळं आणि लवंग म्हणतात!"

मग मी वेगळं काय म्हणालो? प्रसादात केळं असतंच. गंमत म्हणजे बिअरमध्ये ना केळं, ना लवंग. दोन्ही वास यीस्टची करामत. 1516 च्या बव्हेरियन फर्मानात बिअरला फक्त बार्ली, हॉप्स आणि पाणी मंजूर होतं, गहू भाकरीसाठी. पुढे गव्हाच्या बिअरची मक्तेदारी राजघराण्यानेच स्वतःकडे ठेवली. प्रजेने बार्ली प्यावी, हे ओघाने आलंच. 1872 मध्ये गेऑर्ग श्नायडरने तो हक्क मिळवला आणि 1907 मध्ये त्याच घराने ही आव्हेन्टिनुस काढली.

चव? आधी भाजलेल्या पावाची कड, मग मनुका, मग गूळ जरा जास्त शिजल्यावर येतो तो कडवटपणा. जिभेवर इतकी गुळगुळीत, की मद्यार्क 8.2 टक्के आहे याचा संशयही येत नाही. तो उठताना आला. खुर्ची जागेवरच होती, मी नव्हतो. बोकडाने शिंग मारलं होतं.

रात्री पुण्याहून बहिणीचा फोन. "मामाला काय खायला-प्यायला घातलंस रे?"

"गव्हाचं होतं गं, आई."

"सत्त्व का? बरं केलंस. या वयात पचायला हलकं असतं."

तिला अजून कोणी दुरुस्त केलेलं नाही. भेटलात तर तुम्हीही करू नका.