बिनभाड्याचे रहिवासी

(कोथरूडमधल्या एका जुन्या सोसायटीचं ऑफिस. टेबलावर जाडजूड तक्रारवही, शिक्का, सूचनाफलकाला बांधायची तार. सेक्रेटरी, साठी ओलांडलेले, कानावर पेन, गळ्यात दुर्बीण. खिडकी प्रेक्षकांकडे. एप्रिलची सकाळ.)

या, बसा. आवाज नको, तपास चालू आहे. (दुर्बीण लावून प्रेक्षकांकडे बघतात.) हं… हा जोडीने आलाय. ही एकटीच दिसते. तो मागचा झोपलाय, म्हणजे आमच्याच सोसायटीचा.

सेक्रेटरी झालो तेव्हा वाटलं होतं, तक्रारी पाण्याच्या असतील, पार्किंगच्या असतील. ही वही बघा. (उघडतात.) "पहाटे चारपासून कोकिळा ओरडते. तिला समज द्यावी." म्हटलं, काकू, समज कोणाला देऊ? कुहू करतो तो नर. काळा कुळकुळीत, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, ठिपक्याठिपक्यांची. ती काय करते? हा मुद्दाम कावळ्यांसमोर मिरवतो, कावळे चिडून मागे लागतात, तेवढ्यात ही त्यांच्या घरट्यात अंडं घालून मोकळी! अ‍ॅग्रीमेंट नाही, पोलीस व्हेरिफिकेशन नाही, पोटभाडेकरू थेट पाळण्यात! आणि कावळा, ज्याला आपण लबाड लबाड म्हणतो, तो बिचारा त्या पोराला भरवतोय. काकू म्हणाल्या, "ते सगळं खरं, पण पहाटे चार?"

पुढची. "माझ्या गाडीच्या आरशावर रोज कोणीतरी हल्ला करतं." शिंजीर! अंगठ्याएवढा जीव. उन्हात जांभळानिळा चमकतो. विणीच्या दिवसांत आरशात स्वतःलाच बघतो आणि समजतो की दुसरा नर हद्दीत घुसला. मग चोची मारमारून भांडतो. मालकाने दोन्ही आरशांना पायमोजे घातलेत. धुतलेले नाहीत, ती वेगळी तक्रार आहे. पान सत्तावीस.

आणि हे महाशय खाली भांडत असताना बायको कुठे? तिसऱ्या मजल्यावर. जोशीबाईंच्या बाल्कनीत, कपडे वाळत घालायच्या तारेवर बांधकाम! कोळ्याची जाळी, सालीचे तुकडे, कापूस, कचरा, सगळं विणून लोंबता बंगला. मी स्टुलावर चढून पाहिला. बाजूला दार आणि दारावर, ऐका, छज्जा! पावसाचा थेंब आत जाणार नाही असा छज्जा! आमच्या बिल्डरने ब्रोशरमध्ये दाखवला होता तस्सा. (थांबतात.) ब्रोशरमध्ये. जोशीबाई गेले कित्येक दिवस कपडे शेजारच्यांकडे वाळत घालतात. शेजारच्यांची तक्रार पान एकतीसवर.

आता नाजूक केस. मागच्या अंगणातलं जुनं झाड, त्याची ढोली, आणि ढोलीत राखी धनेशाची मादी. आत गेली आणि आतून दार लिंपून घेतलं. स्वतःच्याच विष्ठेने. एक फट ठेवली. आठवडेच्या आठवडे ती आत, आणि नवरा वडा-पिंपळाची फळं गळ्यात साठवून आणतो, एकेक वर काढतो, फटीतून देतो. मी हे जिन्यात सांगत होतो. वाटलं, काका लोकांना टोमणे बसणार. पण आमच्या देशपांडेकाकू हात जोडून म्हणाल्या, "म्हणजे दार आतून बंद, नवरा बाहेर, जेवण फटीतून? सेक्रेटरी, अशी ढोली कुठे मिळते हो?" काकांनी दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावून बेडरूमची आतली कडी काढली.

(आवाज खाली आणत.) भेदभाव मात्र आहे. खरं बोलतो. भारद्वाज कंपाउंडवर आला की अख्खी सोसायटी खिडकीत. शुभशकुन! परवा कुलकर्ण्यांनी मुलीला परीक्षेला जाताना थांबवलं, नमस्कार करायला लावला. मी दुर्बिणीतून बघत होतो. भारद्वाजाच्या चोचीत बुलबुलाचं पिल्लू होतं. सांगितलं नाही. पोरीचा पेपर होता. आणि पारवा? एवढा शाकाहारी जीव, पण त्याला जाळी! पाचव्या मजल्यावरचे आजोबा रोज सकाळी ज्वारी टाकतात. पुण्य पाचव्यावर, परिणाम चौथ्यावर.

तरी आम्ही पक्षीप्रेमी आहोत हं. पक्षी सप्ताह साजरा केला. ५ ते १२ नोव्हेंबर. पाचला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, बाराला सलीम अलींचा. अध्यक्षांनी उद्घाटनाला ढोल-ताशा आणला. "शांतपणे निरीक्षण करा" हा फलक धरून दोघं उभे होते. ढोलाशेजारी. त्या आठवड्यात सोसायटीत एकच पक्षी दिसला. स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर. राजहंस.

म्हणून रविवारी सर्वसाधारण सभेत ठराव झाला. (कागद उघडतात, घसा खाकरतात.) "पक्ष्यांना खालील अटींवर राहण्यास ना हरकत. एक: गायन सकाळी सातनंतर. दोन: अंडी स्वतःच्याच घरात घालावीत. तीन: शिटताना खाली गाडी नाही याची खात्री करावी. चार: फक्त कुटुंबवत्सल जोडप्यांना प्राधान्य." बॅचलर पोपटांचा प्रश्न पुढच्या सभेत. आता हे त्यांना कळवणार कोण? सेक्रेटरी! (खिडकीकडे जाऊन, खड्या आवाजात.) सर्व संबंधितांस कळवण्यात येते की…

(पंखांची फडफड. ते दचकून मागे वळतात. टेबलाकडे बघतात.)

अहो! ओ कावळेसाहेब! ती तार सोसायटीची आहे! सूचनाफलकाची! गेला घेऊन. घरट्यात वापरणार, त्यांना तार फार आवडते. (वही उघडून भराभर लिहितात.) "गुन्हा: बांधकाम साहित्याची चोरी. आरोपी: काळा, मानेशी राखाडी…" सगळेच तसे असतात हो! (प्रेक्षकांतल्या एकाकडे बोट.) तुम्ही! तुम्ही पाहिलंत ना? या वर, साक्षीदार म्हणून सही करा. नाव, फ्लॅट नंबर… आणि एक मिनिट. मेंटेनन्स भरलाय का?

(अंधार.)