छपाईचा योग

ऑक्टोबर २०१२मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘सरफेस आरटी’ नावाचा टॅब्लेट बाजारात आणला. दिसायला अगदी विंडोज. वर्ड, एक्सेलही सोबतच. पण आत एआरएम जातीची चिप होती आणि प्रिंटर कंपन्यांचे ड्रायव्हर त्यावर टाकताच येत नसत. विंडोजने आधीच पोटात भरून दिले होते तेवढ्यांवरच भागवायचं. प्रिंटरसोबतची सीडी हातात घेऊन बसलेल्या गिऱ्हाइकाला ती घालायला खाचही सापडेना. जुलै २०१३मध्ये कंपनीने या टॅब्लेटच्या न खपलेल्या मालापायी ९० कोटी डॉलरचा फटका हिशेबात दाखवला. त्यात प्रिंटरवाल्यांच्या शिव्याशापांचा वाटा किती, याची वेगळी नोंद ताळेबंदात नव्हती.

मुळात प्रिंटरला पान कळत नाही, ठिपके कळतात. महागडा प्रिंटर पानाचे ठिपके स्वतः करतो. स्वस्त लेझर प्रिंटर ही डोकेफोड संगणकाच्या गळ्यात मारतो. एचपीचा लेझरजेट १०२० तर बंद केला की स्वतःचं फर्मवेअरही विसरतो. चालू केल्यावर ते दरवेळी त्याच्यात नव्याने भरावं लागतं. हे सगळं करतो तो ड्रायव्हर.

आजच्या एआरएम विंडोजवर गंमत आणखी वाढली आहे. इंटेलच्या चिपसाठी लिहिलेली ॲप्स ते सांभाळून घेतं, ड्रायव्हर मात्र नाही. त्यामुळे सेटअपची खिडकी झोकात उघडते, अटी मान्य करून घेते, पट्टी बरीच पुढे सरकवते आणि मग नन्नाचा पाढा सुरू करते.

ॲपलने ही कटकट मुळापासूनच छाटली. एप्रिल २०१०मध्ये आलेल्या आयपॅडला छपाईच येत नव्हती. नोव्हेंबरमधल्या आयओएस ४.२ने एअरप्रिंट दिलं, तेही ड्रायव्हरशिवाय. फक्त प्रिंटर नवा घ्यायचा! अँड्रॉइडला २०१३च्या किटकॅटपासून छपाई जमू लागली. त्याच वर्षी कॅनन, एचपी, सॅमसंग आणि झेरॉक्स या एकमेकांच्या प्रतिस्पर्ध्यांनी मोबाइलवरची छपाई सोपी करायला मोप्रिया नावाची संघटना काढली.

ड्रायव्हर गेला, भांडण वाय-फायवर आलं.

कुठल्याही सोसायटीचे सेक्रेटरी घ्या. ‘उद्या पाणी येणार नाही’ ही नोटीस विंडोज टॅब्लेटवर तयार आहे, प्रिंटर शेजारी दिवे लावून बसला आहे, पण यादीत त्याचं नाव नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या इंजिनिअरिंगच्या मुलाला हाक जाते.

‘काका, टॅब्लेट गेस्ट नेटवर्कवर आहे.’

‘मग? पाहुण्याने प्रिंट काढू नये?’

‘घरातलं काय काय जोडलंय ते पाहुण्याला दिसतच नाही.’

नेटवर्क बदलल्यावर प्रिंटर दिसतो, पण ‘ऑफलाइन’. लाइट जाऊन आल्यावर राउटरने त्याला नवा आयपी पत्ता दिलेला असतो आणि टॅब्लेट जुन्याच पत्त्यावर कागद धाडत असतो. मुलगा प्रिंटरच्या पडद्यावरचा पत्ता वाचून टॅब्लेटमध्ये घालतो आणि राउटरमध्ये तो कायमचा राखून ठेवतो. तोवर काकांनी ‘प्रिंट’वर मनसोक्त बोटं मारलेली असतात. प्रत्येक बोटागणिक नोटीस रांगेत उभी आहे आणि रांग तुंबली आहे.

‘आधी ही रांग सांभाळणारा प्रिंट स्पूलर बंद करा, मग स्पूलमधलं प्रिंटर्स फोल्डर रिकामं करा आणि मग स्पूलर पुन्हा चालू करा,’ असं बजावून मुलगा क्लासला पळतो. काका त्यातलं पहिलं आणि शेवटचं लक्षात ठेवतात. तेही रविवारी. नोटीस तर केव्हाच कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याला व्हॉट्सॲप करून, पाच रुपयांत छापून लिफ्टमध्ये लागलेली असते. पाणी जाऊन परतही आलेलं असतं.

रविवारी स्पूलर सुरू होताच ‘उद्या पाणी येणार नाही’च्या झाडून सगळ्या प्रती एकामागून एक बाहेर पडतात. दुसऱ्या दिवशी त्या पाठकोऱ्या गठ्ठ्यावर वॉचमन पाहुण्यांची नावं लिहू लागतो.